काविळीची खोली

त्या गाडीचं खरं नाव घ्यायला जीभ तीन ठिकाणी वळवावी लागायची, म्हणून मिस्त्रीने मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं होतं कावीळ. रंग पिवळाधमक, आणि एकदा जडली की माणसाला आतून पोखरणारी. मालकांना हे नाव ठाऊक नव्हतं. ते तिला ‘बाईसाहेब’ म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज असा लोण्यासारखा व्हायचा की मिस्त्रीला हातातला पाना ठेवून बाहेर निघून जावंसं वाटायचं.

मालक दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचे आणि त्यातून जे मिळायचं ते बेचाळीस वर्षांच्या त्या परदेशी गाडीच्या घशात ओतायचे. गाडीला बसायला जागा दोन, सिलिंडर आठ, कार्बोरेटर चार. इंजिन सीटच्या मागे असं कोंबलेलं की साधा टायमिंग बेल्ट बदलायचा तर सगळं इंजिन खाली उतरवायला लागे. तो रबरी पट्टा एका बऱ्या चपलेच्या किमतीचा, आणि तो बदलायची मजुरी ऐकून धडधाकट माणसाने खुर्ची शोधावी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण इथे मसाल्याचंच दुकान विकत घ्यायची वेळ होती. शिवाय तो पट्टा गाडी पळाली तरी तीन वर्षांनी बदलायचा आणि नाही पळाली तरी बदलायचा, कारण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. टायरही तसेच. झिजले नाहीत म्हणून चालायचं नाही, वय झालं की फेकायचे.

गेल्या वर्षभरात कावीळ एकंदर नऊ किलोमीटर चालली होती. त्यातले चार मिस्त्रीने चालवले होते.

त्याला या सगळ्याची शिसारी यायची. पण पोट त्याच्यावरच चालायचं, त्यामुळे शिसारी गिळून तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी डॉक्टरांच्या घरी जायचा. बॅटरी बघायची, चाकं अर्धा फेरा ढकलून ठेवायची म्हणजे टायर एका जागी बसत नाहीत, इंजिन वीस मिनिटं चालवायचं, आणि गाडी अंगणात काढून परत आत घालायची. आत घालणं हे मिस्त्रीचंच काम. डॉक्टरांना ती गाडी मागे घेता यायची नाही. मागचं काही दिसत नाही, क्लच दगडासारखा, आणि मिस्त्रीनेच पहिल्या वर्षी त्यांना बजावलं होतं की उलटा घेताना एकदा जरी चुकलात तर क्लच जळेल. नवा क्लच चार लाखांचा, येणार समुद्रापलीकडून, चार महिन्यांनी. तेव्हापासून डॉक्टरांनी रिव्हर्सच्या गिअरला हात लावला नव्हता.

गाडी राहायची कुठे? घराच्या तळमजल्यावर, समोरच्या खोलीत. पूर्वेची मोठी खिडकी, गुळगुळीत फरशी, रात्रंदिवस एसी, कोपऱ्यात हवेतला ओलावा ओढणारं यंत्र. अंगणाकडची भिंत पाडून तिथे शटर बसवलेलं. मिस्त्रीच्या स्वतःच्या घरात कुणी अशा खोलीत कधी झोपलं नव्हतं.

त्या रविवारी इंजिन गरम होऊन लयीत आलं तेव्हा वरून ठक् असा आवाज झाला. मग पुन्हा ठक्, ठक्. मिस्त्रीने मान वर केली.

“बाबा आहेत,” डॉक्टर म्हणाले. “काठी आपटतात. लक्ष देऊ नका. वय झालंय.”

मिस्त्रीने लक्ष दिलं नसतं, पण त्याचा कान सवयीचा होता. ठक् अधूनमधून होत नव्हतं. इंजिन जिथे किंचित अडखळायचं, तिथेच नेमकं व्हायचं. तिसऱ्या कार्बोरेटरचा तो अडखळा त्याच्या स्वतःच्या ध्यानात आत्ता आत्ता येत होता.

डॉक्टरांना दवाखान्यातून फोन आला आणि ते बोलत बोलत फाटकापाशी गेले. मिस्त्री हात धुवायचं निमित्त करून जिना चढला. जिना अरुंद, मध्येच वळणारा, कठडा एकाच बाजूला. वर पहिल्याच खोलीत खिडकीला लागून पलंग होता आणि पलंगावर एक काटकुळा म्हातारा, मांडीवर काठी आडवी धरून, टक्क जागा.

“तिसरा मागे पडतोय,” म्हातारा म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“कसं कळलं, काका?”

“एकतीस वर्षं कारखान्यात लेथवर होतो. डोळे गेले की कान राहतात, आणि माझे तर डोळेही आहेत.” म्हाताऱ्याने हसून बाजूची खुर्ची दाखवली. “बसा. तुम्ही मिस्त्री. तुमचा खोकला मला पाठ आहे.”

मिस्त्री बसला. खोलीला औषधांचा आणि बंद हवेचा वास होता. भिंतीला ओल होती, हाताच्या पंजाएवढी, आणि पलंग तिच्यापासून थोडा ओढून घेतलेला होता. कमरेचं हाड मोडल्यापासून चौदा महिने झाले, म्हातारा सांगत होता. वॉकर घेऊन सपाटीवर चालता येतं, पण जिना जमत नाही. दोनदा खुर्चीत घालून चौघांनी दवाखान्यात नेलं तेवढंच. चौदा महिन्यांत पायाला माती लागली नाही.

“खाली एखादी खोली...” मिस्त्री बोलून गेला.

“खालची माझीच होती की.” म्हातारा सहज म्हणाला. “समोरची. घर बांधलं तेव्हा पूर्वेची खिडकी मी मुद्दाम मोठी ठेवून घेतली. पण मग गाडी आली. मुलाला मागची शेड चालली असती, पण तुम्ही म्हणालात ना, की या गाडीला हीच खोली लागेल. तेव्हा पाय धड होते, म्हटलं जातो वर. आता यंत्राला जे लागतं ते लागतं, त्याला कोण काय करणार? तुम्ही जाणकार.”

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. म्हातारा अगदी मनापासून बोलत होता.

मिस्त्री खाली आला आणि तिसरा कार्बोरेटर लावत बसला. सात वर्षांपूर्वीची ती दुपार त्याला आरशात बघावी तशी दिसली. गाडी नवीच आलेली. डॉक्टरांनी त्याला आधी मागची शेड दाखवली होती. शेड चांगली पक्की होती, कोरडी होती. फक्त जमीन खडबडीत होती, आणि उजेड थोडका होता. त्या साली मिस्त्रीच्या पाठीचा मणका सरकला होता. त्या खडबडीत जमिनीवर दर महिन्याला उताणं पडायचं या विचारानेच त्याला कळ आली होती. मग येता येता त्याने समोरची ती उजेडाची, गुळगुळीत फरशीची खोली पाहिली आणि म्हणाला होता, “शेड नको, डॉक्टर. पत्रा तापतो, गाडीचं रबर आणि चामडं जातं. हिला ही खोलीच लागेल.” एक वाक्य. पाठीला बरं पडावं म्हणून टाकलेलं. ती खोली कुणाची आहे, हे विचारायची त्याला गरज वाटली नव्हती.

डॉक्टरांची शिसारी यायची त्याला सवय होती. स्वतःची यायची नव्हती. घरी येऊन त्याने साबणाने तीनदा हात धुतले.

“जेवत का नाही?” बायकोने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. ती लोकांच्या घरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करायची, अंथरुणाला खिळलेली माणसं तिने ढिगाने पाहिली होती. ऐकून घेऊन ती म्हणाली, “तुमची पाठ सांभाळायला त्या म्हाताऱ्याचे पाय गेले म्हणा ना.”

“हाड माझ्यामुळे नाही मोडलं.”

“जिना तर तुमच्यामुळेच आला. कशावरून मोडलं? जिन्यावरूनच ना?”

हे त्याने म्हाताऱ्याला विचारलं नव्हतं. विचारायची आता हिंमतही नव्हती.

“जा आणि डॉक्टरांना खरं सांगा,” ती म्हणाली.

पण खरं सांगायचं म्हणजे सात वर्षांची पत घालवायची. मिस्त्रीने मधला रस्ता काढला. मधले रस्ते काढणाऱ्यांचं जे होतं तेच पुढे त्याचं झालं.

बेल्टची तीन वर्षं भरतच आली होती. त्याने डॉक्टरांना सांगितलं की इंजिन उतरवायला हवं, गाडी दीड महिना माझ्या गॅरेजमध्ये राहील. मग स्वतःहून शेड बघायला गेला, भिंतींवरून हात फिरवला, पत्र्याखाली उभा राहिला आणि खोटं खऱ्यासारखं सांगावं तशा सुरात खरं सांगितलं. “डॉक्टर, शेड फार चांगली आहे. कोरडी आहे, हवा खेळती आहे. जमिनीला फरशी घाला, पत्र्याला आतून थर्मोकोल लावा, वर एक खिडकी काढा. काही त्रास व्हायचा नाही. समोरची खोली मग बाबांना होईल. त्यांना जिना जमत नाही.”

डॉक्टरांनी सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. “फरशी, थर्मोकोल, खिडकी,” ते पुटपुटले. “बाबांचं माझ्याही मनात होतंच, मिस्त्री. करतो मी काहीतरी.”

मिस्त्री त्या दिवशी घरी पोटभर जेवला.

दीड महिना त्याने काविळीचं पोट उघडून ठेवलं. बेल्ट बदलला, पाण्याचा पंप बदलला, तडे गेलेले पेट्रोलचे पाइप बदलले. प्रत्येक भागाची किंमत डॉक्टरांना फोनवर सांगायचा आणि पलीकडून प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, “करून टाका, करून टाका.” एकदा त्याने बोलता बोलता वरच्या खोलीतल्या ओलीचा विषय काढला, ते काम किरकोळच होतं. “बघू,” डॉक्टर म्हणाले, “सध्या खर्च फार झालाय.” मिस्त्रीने फोन ठेवला आणि गटारात थुंकला.

गाडी परत न्यायचा दिवस रविवारच होता. अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं. मिस्त्री कावीळ घेऊन अंगणात शिरला आणि शेडच्या दिशेने वळवायला लागला, तेवढ्यात डॉक्टर दोन्ही हात हलवत पुढे आले.

“तिकडे नाही, इकडे. इकडे.”

समोरच्या खोलीचं शटर उघडं होतं. आत नवा रंग दिला होता. फरशी आरशासारखी. एसी सुरू होता आणि त्याचा गारवा अंगणापर्यंत येत होता.

“आणि शेड?” मिस्त्रीने गाडीतूनच विचारलं.

“शेड बाबांना दिली.” डॉक्टरांचा चेहरा समाधानाने फुलला होता. “तुम्ही सांगितलं तस्संच केलंय. फरशी, थर्मोकोल, खिडकी. तुम्हीच म्हणालात ना, कोरडी आहे, हवेशीर आहे, काही त्रास व्हायचा नाही. बाबांचा जिना सुटला आणि बाईसाहेबांची खोलीही हलवावी लागली नाही. एका दगडात दोन पक्षी.”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे मिस्त्री आजवर दुसऱ्यांना हसत म्हणत आला होता. त्याने अंगणाच्या मधोमध, शटरसमोर आडवी, गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून शेडकडे गेला.

पत्रा तव्यासारखा तापला होता. थर्मोकोल होतं, पण नावाला. खिडकी होती, मागच्या भिंतीकडे, तिच्यातून शेजारच्याच्या पाण्याच्या टाकीची पाठ दिसायची. कोपऱ्यात शिडी आणि रंगाचे रिकामे डबे अजून तसेच होते. पलंगावर म्हातारा बनियनवर बसला होता, कपाळावर घाम.

“या, मिस्त्री,” तो म्हणाला. “जमिनीवर आलो एकदाचा. मुलगा म्हणाला, मिस्त्रींनी स्वतः तपासून पास केलीय शेड.”

मिस्त्री पाठ फिरवून बाहेर आला. बाहेर डॉक्टर गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून बघत होते.

“चामडं तापतंय, मिस्त्री. आत घ्या ना लवकर.”

“नाही घेत.”

“म्हणजे?”

“गाडी जाईल ती शेडमध्ये. काका येतील समोरच्या खोलीत. आधी पलंग, मग गाडी.” तो चाव्या खिशात न घालता गाडीच्या टपावर ठेवत म्हणाला. “नाहीतर तुमची गाडी, तुमचं अंगण.”

डॉक्टर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मिस्त्री हसत नाहीये. “अहो, तुम्हीच म्हणाला होतात, हिला हीच खोली लागते.”

“खोटं बोललो होतो. हिला शेड पहिल्या दिवसापासून चालली असती. माझी पाठ दुखत होती, मला गुळगुळीत फरशी हवी होती, म्हणून बोललो. तुमच्या वडिलांना माझ्या पाठीसाठी वर चढवलंत तुम्ही.”

मिस्त्रीला वाटलं होतं, हे ऐकून माणूस निदान शेडकडे एकदा बघेल. डॉक्टरांनी गाडीकडे बघितलं. “म्हणजे सात वर्षांचा एसी फुकट गेला?” ते म्हणाले. “सात वर्षं मी विजेचं बिल भरतोय, मिस्त्री. माझी फसवणूक केलीत तुम्ही.”

मिस्त्री जाऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर सावलीत बसला.

डॉक्टरांनी दुसरा मेकॅनिक बोलावीन म्हणून धमकी दिली. मिस्त्री म्हणाला, बोलवा. अशा गाडीला हात लावणारा शहरात आणखी एकच होता आणि त्याने गेल्याच वर्षी धंदा आवरला, हे दोघांनाही माहीत होतं. ऊन वाढत होतं. डॉक्टर शेडमध्ये गेले आणि पलंगावरची चादर घेऊन बाहेर आले. बापाच्या अंगाखालची ती चादर त्यांनी दोन्ही हातांनी झटकली आणि डॅशबोर्डवर सावली होईल अशी काचेवर पसरली. मिस्त्रीने मान फिरवली. माणसाने किती खाली जावं याला काही तळ असतो, असं त्याला इतके दिवस वाटत होतं.

अर्ध्या तासाने डॉक्टरांचा धीर सुटला. ते स्वतः गाडीत बसले. इंजिन डरकाळलं, गिअर किरकिरला, गाडी वीतभर मागे सरकली, गचकली, परत सरकली. आणि अंगणभर तो वास पसरला, जळक्या केसांचा असतो तसा, उग्र. क्लचचा.

शेडमधून फरशीवर काठी आपटली. ठक्, ठक्, ठक्.

डॉक्टर इंजिन बंद करून उतरले तेव्हा त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. “जळला?” ते कुजबुजले.

“अजून नाही. आणखी एकदा असं केलंत की जळेल.”

“घ्या,” डॉक्टर म्हणाले. “पलंग घ्या आत. पण गाडी तेवढी सांभाळून ठेवा.”

महिनोन्‌महिने वर पडून राहिलेला बाप जे करू शकला नाही ते दोन मिनिटांच्या वासाने केलं. मिस्त्रीला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त अंघोळ करावीशी वाटत होती.

पलंग दोघांनी उचलला. मिस्त्रीच्या पाठीतून कळ निघून मांडीपर्यंत गेली, पण त्याने पलंग टेकवला नाही. पूर्वेच्या खिडकीखाली तो लावला, काचेवरची चादर काढून पुन्हा अंथरली आणि वॉकर धरून म्हाताऱ्याला अंगणातून आणलं. वाटेत म्हाताऱ्याने एका जागी थांबून चप्पल काढली, मातीत दोन्ही पाय ठेवले आणि परत घातली. डॉक्टर तेव्हा गाडीभोवती फिरून कुठे ओरखडा आलाय का ते बघत होते.

मग मिस्त्रीने कावीळ एकाच झोकात शेडमध्ये उलटी घातली, दार ओढलं, चाव्या डॉक्टरांच्या हातात दिल्या आणि यापुढे मला बोलावू नका म्हणून सांगितलं. जाताना, इतकी वर्षं तिथेच राहणारी हत्यारांची पेटी घ्यायला तो समोरच्या खोलीत आला.

म्हातारा खिडकीतून बाहेर बघत होता. “क्लच केवढ्याला पडतो हो?” त्याने न वळता विचारलं.

“चार लाख.”

“चार लाख.” म्हाताऱ्याने मान हलवली. “म्हणजे माझी निदान तेवढी तरी किंमत आहे.”

मिस्त्रीने पेटी उचलायला वाकून बघितलं. पाठ मध्येच अडली आणि तो गुडघ्यावर हात टेकून तसाच उभा राहिला. शेडपासून अंगण काही लांब नव्हतं. ज्याला चार कार्बोरेटरांतला एक मागे पडलेला कळतो, त्याने मघाचं सगळं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं असणार, हे त्याला आत्ता सुचलं.

“खुर्ची घ्या ती,” म्हातारा म्हणाला. “सात वर्षं झाली म्हणता. डॉक्टरला दाखवली का पाठ कुठल्या?”